गाळ काढा, पण तळ राखा

माझे मामा मूळचे बार्शीटाकळी तालुक्यातले, पण नोकरीची बहुतेक वर्षं त्यांची समुद्रावर गेली. न्हावा-शेव्याच्या खाडीत, विशाखापट्टणमला, जिथे जिथे जहाजांची वाट गाळाने भरते तिथे ड्रेजर लावून ती मोकळी करायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन अकोल्याला आले आणि लगेच गावच्या तलावाचा गाळ काढायच्या खटपटीला लागले. मी अमरावतीला प्राणिशास्त्र शिकवते. तलावाच्या तळात राहणारे जीव हा माझा अभ्यासाचा विषय. त्यामुळे आमचं या कामावरून पटत नाही. उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवर बसून आमच्यात जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. वऱ्हाडातल्या प्रत्येक गावात, मशीन येण्याआधी, हे बोलणं व्हायला हवं आणि ते होत नाही, एवढंच त्यामागचं कारण.

मामा : आधी एक सांग. गाळ काढायचा की नाही काढायचा?

मी : काढायचा. पण सगळा नाही, सगळीकडून नाही आणि एकाच उन्हाळ्यात नाही.

मामा : म्हणजे काढायचाच नाही. अवं बाई, पोकलेन काय दरसाल येते का गावात? यंदा आली, पुढल्या साली दुसऱ्या तालुक्यात जाईल. तू जरा पाण्याचा हिशेब पाह्य. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेवढा गाळ निघाला की २,८०० लिटरच्या वर पाणी राहायला जागा झाली. एका हायवात तीन-चार ब्रास जाते. दिवसभर असे ट्रक चालले तर किती पाणी होते ते तूच मोज. आपल्याकडे पाऊस पडते सातशे-आठशे मिलिमीटर, तोही चार-दोन झडीत. तेव्हा धरून ठेवलं नाही तर गेलं मोर्णेत, मोर्णेतून पूर्णेत.

मी : हे मला मान्यच आहे, मामाजी.

मामा : अजून ऐक. मे महिन्यात आपल्याकडे दिवसाला सेंटिमीटरभर पाणी नुसतं उडून जाते. पाणी उथळ असलं की ते आधी तापते आणि आधी उडते. तेवढंच पाणी खोल जागेत ठेवलं तर जूनपर्यंत गुरांना पुरते. मी लहान होतो तेव्हा या पाळीवरून उडी मारत होतो. आता तिथे बेशरमाची झुडपं उभी आहेत आणि म्हशी उभ्याने चरतात. तलावच राहिला नाही तर तुझे जीव राहतील कुठे?

या मुद्द्यावर त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. इंग्रजी अमदानीतले आणि त्यानंतर रोजगार हमीत झालेले आपल्याकडचे तलाव भरत चालले आहेत. पाणलोटातली वावरं उताराला नांगरली जातात, पहिल्या पावसात काळी माती वाहून येते आणि तलावाच्या तोंडाशी बसते. शंभर वर्षं कोणी हात लावला नाही तर तलावाचं डबकं होतं आणि डबक्याचं वावर. राज्य सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली आणि २०२३ च्या जानेवारीत ती नव्याने सुरू केली, ती या गरजेतूनच. गाळ वाहून नेणाऱ्या लहान शेतकऱ्याला घनमीटरमागे ३५.७५ रुपये, अडीच एकरांपर्यंत जास्तीत जास्त ३७,५०० रुपये मिळतात. बुलडाण्यात २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने मशिनी देऊन तलावांचे गाळ काढले. त्याच जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी तलाव-नाल्यांची माती नेली आणि त्याला ‘बुलडाणा पॅटर्न’ असं नाव पडलं. हे सगळं लोकांच्या उपयोगाचं काम आहे. माझं म्हणणं याच्या पुढे सुरू होतं.

मी : गाळ कोणाच्या वावरात जाणार आहे, मामाजी?

मामा : वरच्या अंगाच्या. ती सगळी बरड जमीन आहे, हातभर खाली मुरूम लागते. गाळ पडला की पऱ्हाटी कशी होते ते पाहायला ये.

मी : बरडीवर पडला तर सोनंच. पण मागे शेजारच्या गावातून खाली पूर्णेकडे, खारपाण पट्ट्यातही ट्रॉल्या गेल्या. तिथे आधीच चिकण काळी माती, पाण्याचा निचरा नाही, खाली खारं पाणी. त्यावर आणखी चिकण गाळ टाकून काय होणार? माती तपासल्याशिवाय गाळ टाकू नये, हे कोणताही कृषी सहायक सांगेल.

मामा : ते बरोबर आहे. पण तो मातीचा प्रश्न झाला. तू जिवांबद्दल बोलणार होतीस.

मी : बोलते. तुम्ही बंदराचा तळ खरवडायचे तेव्हा तळातल्या जिवांचं काय व्हायचं?

मामा : मरत होते, खोटं कशाला बोलू? सक्शनच्या पाइपातून चिखल येते त्यात किडे, शिंपले, खेकडे सगळंच येते. हॉपर भरलं की दूर समुद्रात ठरलेल्या जागी नेऊन रिकामं करायचं. तिथे ज्यांच्या अंगावर तो चिखल पडते तेही दबून जातात. पण बाई, सहा-आठ महिन्यांत तळ पुन्हा भरते. नुसतं माझं मत नाही हे. १९९८ मध्ये न्यूएल आणि त्याच्या सोबत्यांनी जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात लिहिलेलं आहे. खाडीतला मऊ चिखल असेल तर सहा ते आठ महिने. न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदराचा मार्ग आम्ही आधी १४ मीटर डुबीच्या जहाजांसाठी खोल केला, मग १५ मीटरच्या. दर पावसाळ्यानंतर पुन्हा गाळ काढावाच लागते. तरी तिथला समुद्र मेला का? मग तुझ्या या एवढ्याशा तलावाला काय होणार आहे?

मामांच्या सगळ्या युक्तिवादाचा पाया हा आहे आणि तो कच्चा नाही, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. आढाव्यातला आकडा खरा आहे. पण त्याच आढाव्यात पुढे आहे की तळ वाळूचा असेल तर दोन-तीन वर्षं लागतात आणि जाड खडी-गोट्यांचा असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. चिखलात लवकर भरपाई होते, कारण खाडीच्या चिखलात राहणारे जीव मुळातच उलथापालथीला सरावलेले असतात. रोजची भरती-ओहोटी, पावसाळ्यातला पूर, कमी-जास्त होणारा खारेपणा, हे सोसून जे टिकले तेच तिथे असतात.

मी : मामाजी, सहा महिन्यांनी तळ भरतो म्हणजे कोणी भरतो?

मामा : किड्यांनी. आणखी कोणी?

मी : कोणते किडे?

मामा : आता किड्यांची जात विचारते ही! माशाला खायला मिळालं म्हणजे झालं.

मी : तिथेच आपला फरक आहे. १९७८ मध्ये पिअरसन आणि रोझेनबर्ग या दोघांनी याचा एक क्रम मांडला, तो आजही वापरला जातो. तळ उद्ध्वस्त झाला की सगळ्यात आधी येतात ते बारीक, भराभर वाढणारे, भराभर मरणारे किडे. कॅपिटेला नावाचा वळवळणारा किडा त्यातला नामांकित. ते वरच्या बोटभर चिखलातच राहतात. मोजायला गेलात तर संख्या आधीपेक्षा जास्तच भरते. पण खोल बिळं करणारे मोठे किडे, शिंपले, खेकडे, जे चिखल खालीवर करतात आणि खालच्या थरात प्राणवायू पोचवतात, ते शेवटी येतात. तेवढ्यात तुमचा ड्रेजर पुन्हा आला की क्रम पुन्हा पहिल्यापासून. ज्या मार्गाचा गाळ दर वर्षी निघतो त्याचा तळ कायम पहिल्याच पायरीवर राहतो.

मामा : राहू दे. मार्ग जहाजांसाठी आहे. बाजूची खाडी आहे ना किड्यांना.

मी : बाजूच्या खाडीचं काय झालं ते कोळ्यांना विचारा. २०१५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उरण-न्हाव्याकडच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश काढला. बंदर, सिडको आणि ओएनजीसी, तिघांनी मिळून द्यायची.

मामा : तो निकाल मला माहीत आहे. भराव टाकला, कांदळवन तुटलं, होड्यांची वाट अडली, त्याचा तो निकाल होता. सगळं खापर ड्रेजरवर फोडू नको.

त्यांचं हे बरोबर होतं. त्या प्रकरणात ड्रेजर एकटा आरोपी नव्हता. पण खोलीकरण, भराव आणि तोडलेलं कांदळवन ही कामं एकाच ठिकाणी, एकाच काळात होतात आणि तळातल्या जिवाला एकत्रच भोगावी लागतात. कागदावर ती वेगळी असतात, पाण्यात नसतात.

मामा : चल, तुझं मान्य केलं. शिंपले उशिरा येतात. पण येतात ना? तलावात दोन वर्षं उशीर झाला तर काय बिघडलं?

मी : समुद्रात ते येतात, कारण चारी बाजूंनी समुद्र आहे. समुद्रातल्या बहुतेक शिंपल्यांची, किड्यांची पिल्लं पाण्यावर तरंगत राहतात. प्रवाह त्यांना मैलोन्‌मैल नेतो. तुम्ही तळ खरवडलात तरी पुढच्या भरतीला वरून बी पडतं. आपला तलाव म्हणजे पऱ्हाटीच्या वावरांमधलं एक बेट आहे. इथे भरती येत नाही. इथे बाहेरून यायचं तर उडत यावं लागतं, नाहीतर कोणाच्या तरी अंगावर बसून.

मामा गप्प झाले, म्हणून मी त्यांना पाळीखाली घेऊन गेले. पाणी आटत आटत वरच्या अंगाच्या डोहापुरतं उरलं होतं. डोहाच्या काठाचा ओला गाळ ओंजळभर घेऊन घरून आणलेल्या परातीत टाकला, वर पाणी ओतलं आणि चिखल हळूहळू बाजूला सारला. आधी काहीच दिसत नाही. मग एक लालचुटूक दोरा वळवळतो. ही चिलटासारख्या एका माशीची अळी. हिच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून लाल. जिथे प्राणवायू जेमतेम असतो त्या चिखलातही ती त्यामुळे तगते. तिच्याजवळ केसासारखे बारीक किडे, डोकं चिखलात आणि शेपटी वर, हलत असलेले. एक चतुराची अळी, चिखलाच्याच रंगाची, परातीच्या कडेला चिकटून बसलेली. दोन लहान गोगलगाई. आणि चिखलात मिरीच्या दाण्याएवढा एक शिंपला, अजून पारदर्शक कवचाचा.

मी : यातली लाल अळी आणि चतुर यांची काळजी करू नका. त्यांच्या माद्या उडत येतात, पहिल्या पावसाच्या पाण्यात अंडी घालतात. चांगलं पाणी आलं की काही आठवड्यांत त्या पुन्हा दिसतील. पण हा शिंपला पाहा. याला पंख नाहीत. याची आई आपली पिल्लं पाण्यात सोडते तेव्हा ती इतकी बारीक असतात की डोळ्याला दिसत नाहीत आणि त्यांना माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटावं लागतं. माशाच्या अंगावर काही दिवस काढून मग ती तळावर पडतात आणि तिथे वाढायला लागतात. मासा नाही तर शिंपला नाही. तळ नाही तरी शिंपला नाही. मोठा व्हायला त्याला वर्षं लागतात आणि मोठा झाला की दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळून स्वच्छ करतो. फुकटात.

मामा : आणि तलाव आटला तर? बाई, इथेच तुझं चुकते. हा तलाव दर दोन-तीन वर्षांनी पूर्ण आटते. भेगा पडतात तळाला. तेव्हा निसर्गच सगळं मारते ना? मशीन काय वेगळं करते?

हा सगळ्यात चांगला प्रश्न होता. अमरावतीत माझे विद्यार्थीही हाच विचारतात.

मी : आटणं या जिवांच्या ओळखीचं आहे, मामाजी. हजारो वर्षांपासूनचा उन्हाळा आहे आपला. मोठी गोगलगाय चिखलात उतरते, कवचाचं झाकण लावते आणि महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. मरळ चिखलात राहून हवेवर श्वास घेते. खेकडे पाळीत खोल बिळं करतात. आणि जे खरोखर मरतात ते मरायच्या आधी अंडी टाकून जातात, टणक कवचाची, वाळलेल्या गाळात टिकून राहणारी. पाण्यातले पुष्कळ बारीक जीव, ज्यांच्यावर कटल्याची बोटुकली जगतात, ते दर पावसाळ्यात त्या अंड्यांमधून उठतात. अमेरिकेत एका तळ्याच्या गाळातून काढलेली अशी अंडी तीनशे वर्षांहून जुनी निघाली आणि तरी त्यातून जीव बाहेर आला. पाणवनस्पतींचं बीही तिथेच असतं. आणि हे सगळं कुठे असतं? वरच्या पातळ थरात. पोकलेनचं बकेट पहिल्या घासात तोच थर उचलतं. तो जातो वावरात. तिथे तो नांगरला जातो, उन्हात भाजतो, संपतो. आटलेल्या तलावात पुढच्या वर्षाची पेरणी तयार असते, खरवडलेल्या तलावात नसते. हा फरक आहे.

मामा बराच वेळ परातीकडे पाहत होते. मग त्यांनी विचारलेला प्रश्न इंजिनिअरचा होता.

मामा : वरचा थर किती? इंचात सांग.

मी : चार ते सहा इंच धरा.

मामा : मग तो आधी वेगळा काढून कडेला रचता येते. खाली पाहिजे तेवढं खोदायचं आणि शेवटी तो पुन्हा पसरायचा. डोझर लागेल. डिझेलचा खर्च वाढते आणि तो कोण देणार, हा प्रश्न राहते. मशीनवाल्याला घनमीटरवर पैसे मिळतात, माती दोनदा हलवायचे कोणी देत नाही.

मी : सगळ्या तळावर नका करू. अर्ध्यावर करा. आणि डोहाकडची बाजू मुळीच हलवू नका. एक तृतीयांश तळ जसा आहे तसा सोडा. तिथून बाकीचा भरेल.

मामा : एक तृतीयांश! पाणी किती कमी होते माहीत आहे?

आमचा आवाज चढला तेव्हा डोहात जाळं झटकत असलेले एक भोई आजोबा जवळ आले. गावच्या मच्छीमार संस्थेकडे तलावाचा ठेका आहे, त्यातले ते जुने सभासद. त्यांनी कोणाची बाजू घेतली नाही.

“साहेब, काढा ना गाळ. आमचं काई म्हननं नाई,” ते म्हणाले. “पन वरतचा डोह नोका हालवू. मरळ उन्हाळ्यात तिथंच राह्यते. मांगच्या खेपेले त्याईनं डोह उकरला, सरळ उभा खड्डा केला. तवापासून बीज इकत आनल्याशिवाय मासोळीच नाई. अन त्या खड्ड्यात जाळं टाकलं का खालून सडका वास येते.”

मामा : खड्डा किती खोल होता?

“बासाचा अंत लागत नाई, एवढा.”

सडक्या वासाचं कारण सोपं आहे. अरुंद, उभ्या कडांच्या खोल खड्ड्यात वरचं तापलेलं पाणी आणि खालचं गार पाणी मिसळत नाही. खालचा प्राणवायू संपतो, कुजणाऱ्या पाल्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू सुटतो आणि तिथे लाल अळीही जेमतेम जगते. समुद्रातही रेती काढलेल्या खोल खड्ड्यांचं असंच होतं. म्हणजे मामांची खोली आणि माझे जीव यांच्यात खरं वैर नाही. उभ्या कडा या दोघांच्याही शत्रू आहेत, आणि गावातल्या पोहणाऱ्या पोरांच्याही. हे मामांना समजवावं लागलं नाही. बंदराच्या मार्गाच्या कडा उताराच्या ठेवल्या नाहीत तर त्या ढासळून मार्ग पुन्हा भरतो, हे त्यांनी नोकरीभर पाहिलेलं. तीनास एक उतार, असं ते लगेच बोलून गेले.

मासोळीच्या प्रश्नावर मात्र ते अडून होते.

मामा : बीज विकत आणायला काय हरकत आहे? रोहू, कटला, मृगळ टाकले की संस्थेचे पैसे सुटतात. मरळीच्या मागे लागून काय मिळते?

मी : मृगळ खातो काय? तळावरचं. कटला खातो काय? त्या अंड्यांमधून उठलेले बारीक जीव. तळाचा मुरूम उघडा पडला तर दोघांनाही पेंड विकत घालावी लागेल. बीज विकत, खाद्य विकत, मग संस्थेच्या हातात उरलं काय? आणि मरळ बाजारात काय भावाने जाते ते आजोबांना विचारा.

भंडारा-गोंदियाकडे याचं उलटं करून दाखवलेलं आहे. मनीष राजनकर आणि त्यांची ‘फीड’ ही संस्था तिथल्या ढिवर समाजाबरोबर कित्येक वर्षं जुन्या मालगुजारी तलावांवर काम करते आहे. तिथे आधी बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरड्या तळाचा काही भाग नांगरला आणि पावसाळ्यात स्थानिक पाणवनस्पती लावल्या. लावणाऱ्यांमध्ये ढिवर बायका पुढे होत्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे त्यांच्याच माणसांना ठाऊक होतं. पाणवनस्पती आल्या, त्यांच्या आधाराने बारीक जीव आले, देशी मासे वाढले, पक्षी परतले. तो धानाचा आणि भरपूर पावसाचा मुलूख आहे, आपला कापसाचा. तिथलं जसंच्या तसं इथे होणार नाही. पण तळाची माहिती कोणाकडे असते, एवढं तरी आपण त्यातून घ्यावं.

मामा : आणि अकोल्यात मोर्णा साफ केली त्याचं काय म्हणतेस? २०१८ मध्ये हजारो लोक नदीत उतरले. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतलं. तेही तुझ्या हिशेबानं वाईट का?

मी : मुळीच नाही. जलपर्णी काढली की पाण्याला ऊन आणि वारा लागतो, प्राणवायू वाढतो. त्या लोकांचं मला कौतुक आहे. पण वरून शहराचं सांडपाणी येत राहिलं तर तळावर केसासारखे किडे आणि लाल अळ्या, एवढीच वस्ती टिकते. तळ सुधारायला आधी पाणी सुधारावं लागतं. आपल्या गावच्या तलावात सांडपाणी नाही, हे आपलं भाग्य. म्हणून तर इथला तळ अजून जिवंत आहे आणि म्हणून तो वाचवायचा हट्ट आहे.

मामांनी आणखी एक शंका काढली. अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव, अकोल्याचा कापशी तलाव इथे लोक हिवाळ्यात पक्षी पाहायला जातात. पाणी वाढलं तर पक्षी वाढणार नाहीत का? बदकं वाढतील, असं मी सांगितलं. पण चोच चिखलात खुपसून खाणारे तुतवार, पाणलावे यांना घोटाभर पाणी आणि मऊ काठ लागतो. मुग्धबलाकाची चोच मिटली तरी मधे फट राहते, ती गोगलगाई आणि शिंपले धरायलाच. सगळीकडे पुरुषभर पाणी आणि मुरमाचा काठ केला तर हे पाहुणे दुसरीकडे जातील. तलावाच्या तोंडाशी, जिथे नाला येऊन मिळतो तिथला उथळ भाग सोडायचा तो एवढ्यासाठी. त्याचा आणखी एक फायदा आहे, जो मामांनीच सांगितला: तिथल्या गवतात, लव्हाळ्यात नवा गाळ अडतो आणि खोल भाग उशिरा भरतो.

मामा : उथळ तोंड सोडू, डोह सोडू. दोन्ही मिळून एक पंचमांश होते. तृतीयांश मी देणार नाही. गुरांच्या पाण्याचं मला उत्तर द्यावं लागते गावात.

मी : आणि वरचा थर?

मामा : अर्ध्या तळावर वेगळा काढून परत पसरू. डोझरच्या डिझेलची वर्गणी मी मागतो. पण एक सांगतो, तीन वर्षांनी तू इथे येऊन शिंपले मोजायचे. नुसतं म्हणून चालणार नाही की तळ भरला. जिथे थर परत टाकला आणि जिथे नाही टाकला, दोन्हीकडचे वेगवेगळे मोजायचे. आमच्या बंदरात हे कोणी मोजलं असतं तर मी तुझ्याशी आज एवढा वाद घातला नसता.

मी हो म्हटलं. एक पंचमांश कमी आहे, असं माझं अजूनही मत आहे. आटलेल्या वर्षी एवढ्याशा जागेत शिंपल्यांची पुरेशी पिढी टिकेल याची मला खात्री वाटत नाही आणि ते मी त्यांना तिथेच सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या खेपेला भांडू.

गाळ काढायच्या कागदांवर घनमीटर असतात, शेतकऱ्यांची नावं असतात, ट्रॉल्यांचा हिशेब असतो. तळात काय होतं आणि काय ठेवलं, याचा रकाना मी कुठे पाहिला नाही. तो सरकारने घालावा, ही मागणी आहेच. पण त्याची वाट पाहत बसायला नको. या उन्हाळ्यात तुमच्या गावच्या तलावात मशीन उतरणार असेल, तर ठराव होण्याआधी ग्रामसभेत भोयांना बोलवा. त्यांना बरोबर घेऊन एकदा कोरड्या तळावरून चाला, डोह कुठला आणि शिंपले कुठे ते त्यांच्याकडून दाखवून घ्या आणि न खोदायच्या जागेभोवती चुन्याची फक्की मारा. पोकलेनवाला फक्की पाहून काम करतो. ती त्याच्या येण्याआधी पडलेली असली पाहिजे.